देवीने नेसवलेले लुगडे

भारतीय संसदेने २०१९ साली संमत केलेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणविषयक कायद्यातील व्याख्येच्या कलमात चार सामाजिक-सांस्कृतिक ओळखी नावानिशी नोंदवलेल्या आहेत : किन्नर, हिजडा, अरवानी आणि जोगता. यांपैकी पहिली दोन नावे देशभर ऐकू येतात आणि तिसरे तमिळनाडूतील कूवागमच्या यात्रेशी जोडलेले आहे. चौथे मात्र कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव या मराठी-कानडी मुलखातले असून, मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या यल्लम्माच्या भक्ताचे ते नाव आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांनी नकळत एका अवघड प्रश्नाला हात घातला, कारण जोगत्याची ओळख त्याच्या देहावरून ठरते, मनावरून ठरते, की देवीच्या इच्छेवरून, याची उत्तरे कायदा आणि लोकपरंपरा वेगवेगळी देतात.

शरीराच्या घडणीला लिंग म्हणावे आणि त्या घडणीच्या आधारे समाजाने नेमून दिलेला पेहराव, कामे, बोलण्याची रीत आणि मानापमान यांना लिंगभाव म्हणावे, असा भेद आता मराठीतील समाजशास्त्रीय लेखनात रुळला आहे. लोकपरंपरेत हा लिंगभाव फार ठळक खुणांनी दाखवला जातो. लुगडे, कुंकू, हिरव्या बांगड्या, लांब केस आणि कपाळावरचा मळवट ही त्याची चिन्हे होत, आणि ती अंगावर चढली की माणसाचे गावातले स्थान बदलते. या चिन्हांची अदलाबदल मराठी मुलखात जागोजाग होताना दिसते. परंतु ती कोणी करावी, कुठे करावी, किती काळ करावी आणि तिची किंमत कोणी मोजावी, याचे नियम कडक होते. आपल्या परंपरेने सर्वांना सामावून घेतले होते, असे जे हल्ली अभिमानाने सांगितले जाते, ते या नियमांकडे पाहिले की अर्धेच खरे ठरते.

यल्लम्मा म्हणजेच रेणुका हिचे मुख्य ठाणे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर आहे. महाभारताच्या वनपर्वात येणारी तिची कथा सर्वपरिचित आहे : नदीवर गेलेली रेणुका चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहून क्षणभर विचलित झाली, जमदग्नीने पुत्रांना तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा केली, थोरल्या पुत्रांनी ती पाळली नाही आणि धाकट्या परशुरामाने पाळली. अवज्ञा करणाऱ्या पुत्रांना पित्याने जो शाप दिला, तो महाभारतात बुद्धी हरपण्याचा आहे. यल्लम्माच्या भक्तांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या कथेत मात्र हा शाप पुरुषत्व हरपण्याचा होतो. आईवर हात उचलायला नकार दिलेले हे मुलगे मग आईच्याच पायाशी राहिले, आणि स्त्रीवेषातील जोगते आपली परंपरा त्यांच्याशी जोडतात. शापाच्या रूपात झालेला हा लहानसा बदल लोककथा कशी काम करते याचा उत्तम नमुना आहे, कारण ज्यांना गाव अपूर्ण समजत होते त्यांना या एका बदलाने देवीच्या घरातले नाते मिळाले, तेही आज्ञाधारक परशुरामापेक्षा अधिक जवळचे. कथेच्या काही रूपांत परशुरामाच्या हातून रेणुकेबरोबर मातंगी या अस्पृश्य स्त्रीचेही शिर तुटते आणि जिवंत करताना धडे-शिरे बदलली जातात; त्यामुळे देवतेच्या देहातच उच्च आणि अस्पृश्य जातींची सरमिसळ होते. लिंगाची आणि जातीची रेघ एकाच कथेत पुसली जावी, हा योगायोग नव्हे.

जोगता होण्याची प्रक्रिया बहुधा एखाद्या संकटापासून सुरू होते. मूल सतत आजारी पडते, घरातली गुरे दगावतात किंवा केसांत जट धरते. जट म्हणजे न विंचरल्याने, मळाने आणि घामाने केसांचा चिकटून झालेला गुंता. पण या भागात ती देवीची खूण मानली जाई आणि कात्री लावण्यास मनाई असे. मुलगी असेल तर ती जोगतीण होई, मुलगा असेल तर जोगता. गळ्यात देवीच्या नावाची मण्यांची माळ बांधली की ती व्यक्ती देवीची झाली, मग तिने माणसाशी लग्न करायचे नाही. सगळेच जोगते लुगडे नेसत नाहीत; पुष्कळजण पुरुषी कपड्यांतच देवीची सेवा करतात. ज्याच्या वागण्यात, चालण्यात लहानपणापासून बायकीपणा दिसतो त्याला देवीने ओढले असे मानून लुगडे नेसवले जाते. म्हणजे ज्या प्रवृत्तीची एरवी गावाने टिंगल केली असती, तिला देवीच्या नावाने एक अर्थ, एक काम आणि भाकरीची सोय मिळते. मात्र काहींच्या बाबतीत स्वतःची ओढ काहीच नसते, केवळ आईबापांचा नवस असतो, आणि त्यांच्यासाठी तेच लुगडे जन्मठेप ठरते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे दुहेरी वास्तव मराठी वाचकांसमोर आणले, आणि त्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या २००९ सालच्या चित्रपटाने ते दूरवर पोचवले.

चौंडके हे या परंपरेचे वाद्य जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला चामडे मढवलेले असते, चामड्याच्या मध्यातून निघालेली तात दुसऱ्या टोकाला धरून ताणतात, आणि नळकांडे काखेत दाबून तात छेडली की तिच्या ताणानुसार स्वर चढतो-उतरतो. या वाद्याच्या साथीने रेणुकेच्या जन्मापासून वैधव्यापर्यंतची कथा रात्रभर गायिली जाते. डोक्यावर देवीचा मुखवटा बसवलेला ‘जग’ म्हणजे टोपली किंवा हंडा तोल न जाऊ देता पेलत नाचणे, हे जोगत्याच्या कौशल्याचे सर्वांत अवघड अंग होय.

मार्गशीर्ष पौर्णिमेला या भागात रांडाव पौर्णिमा म्हणतात. जमदग्नीचा वध होऊन देवी विधवा झाली, या समजुतीने त्या दिवशी जोगतिणी आणि स्त्रीवेषातील जोगते आपल्या हातांतील बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात आणि देवीबरोबर वैधव्य भोगतात. पुढे माघातील अहेव पौर्णिमेला देवी पुन्हा सवाष्ण होते आणि भक्तांच्या हातांत नवा चुडा चढतो. ज्या समाजात विधवेचे वैधव्य मरेपर्यंत संपत नसे, त्याच समाजात ही देवी दरवर्षी दोन महिन्यांत त्यातून बाहेर येते. पुरुषदेहाने जन्मलेला जोगताही ते वैधव्य अंगावर घेतो, तेव्हा त्याने स्त्रीत्वाचा केवळ शृंगार घेतला असे म्हणता येत नाही; स्त्रीच्या वाट्याला येणारे सर्वांत मोठे सामाजिक दुःखही त्याने विधिपूर्वक स्वीकारलेले असते.

देवीच्या हुकमाने पुरुषाने स्त्रीची चिन्हे धारण करण्याचे दुसरे मोठे उदाहरण पोतराजाचे. मरीआईचा हा भक्त कमरेला रंगीबेरंगी खणांचा आणि चिंध्यांचा घागरा नेसतो, पायांत चाळ बांधतो, केस वाढवतो, कपाळभर हळदकुंकू फासतो. पण छाती उघडी ठेवतो आणि दाढीमिशा लपवत नाही. त्यामुळे तो स्त्री दिसत नाही, पुरुषही धड दिसत नाही, आणि नेमके हेच त्याचे रूप असते. बायको डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन ढोलके वाजवते, आणि तो कोरड्याचे, म्हणजे आसुडाचे, फटके स्वतःच्या अंगावर ओढत दारात उभा राहतो. मरीआई ही पटकीची देवी. आषाढात साथ आली की गावाची इडापिडा अंगावर घेऊन ती शिवेबाहेर न्यायचे काम पोतराजाकडे येई. मानववंशशास्त्रात एका स्थितीतून दुसरीत जाताना मधल्या, कुठेच न बसणाऱ्या टप्प्याला सीमावस्था म्हणतात, आणि व्हिक्टर टर्नर या अभ्यासकाने त्या टप्प्यात माणसाला विलक्षण सामर्थ्य मिळते असे दाखवून दिले. पोतराजाच्या बाबतीत ही कल्पना पुरेपूर लागू पडते. फक्त टर्नरच्या विवेचनात सीमावस्था बहुधा ओलांडली जाते, आणि पोतराज आयुष्यभर तिथेच उभा असतो. पोतराज मुख्यतः मातंग आणि महार समाजांतून येत. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात घरातला थोरला मुलगा देवीला वाहण्याची रीत तपशिलाने नोंदवली आहे. गावाची रोगराई दूर करणारा हा माणूस साथ ओसरली की पुन्हा अस्पृश्यच राहत असे.

याउलट उतरवता येणारी लुगडी कितीतरी. रत्नागिरीकडे शिमग्यात संकासुराबरोबर नाचणारी गोमू म्हणजे स्त्रीवेषातला पुरुष. कोकणातल्या शिमग्याच्या खेळांत पोरगे राधा होऊन अंगणात फेर धरते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतारात सर्व स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि रात्री द्रौपदी झालेला नट सकाळी शेतावर जातो. तमाशात पवळाबाईंसारख्या स्त्रिया फडावर येण्यापूर्वी नाचणारा पोऱ्याच स्त्री असे, आणि स्त्रिया आल्यावरही गौळणीतली मावशी पुरुषाकडेच राहिली. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) साकारलेल्या नायिकांची साडी नेसण्याची ढब आणि गजरा माळण्याची पद्धत पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी उचलली, म्हणजे स्त्रीने कसे दिसावे याचा धडा एका पुरुषाने घालून दिला. या सर्वांत मान मात्र सारखा नव्हता. बालगंधर्वांना रसिकांनी डोक्यावर घेतले आणि तमाशातल्या नाच्याला टिंगलीचा विषय केले. दोघांनीही लुगडेच नेसले होते. फरक प्रेक्षकांच्या जातीचा आणि तिकिटाच्या दराचा होता, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो फारसा चुकीचा नाही.

संतांनी हेच अंतर लुगडे न नेसता, शब्दांनी ओलांडले. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विराण्यांत बोलणारी व्यक्ती प्रियकराच्या भेटीसाठी तळमळणारी स्त्री आहे. एकनाथांच्या गौळणींत यशोदेकडे गाऱ्हाणे नेणाऱ्या गोपी बोलतात, आणि त्यांच्या भारुडांत जोगवा मागणारी, रोडग्याचा नवस करणारी सून अशा बायका उभ्या राहतात. वारकऱ्यांचा देव पुरुष असूनही माउली होतो, जनाबाईबरोबर दळायला बसतो, तिची वेणी घालतो. आणि वारीत पुरुष पुरुषालाही माउली म्हणूनच हाक मारतो. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथला देव मोहिनीराज हा विष्णूचे मोहिनीरूप आहे. नाव पुरुषाचे आणि रूप स्त्रीचे. संतांच्या या उदारतेतही स्त्रीपण स्वीकारताना बहुतेक वेळा विरह, वात्सल्य आणि शरणागती एवढेच स्वीकारले गेले. सोयराबाईने विटाळाविषयी जे रोखठोक विचारले, ते मात्र स्त्री म्हणून जगणारीलाच सुचू शकले.

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटते. पुरुषाला स्त्री होण्याची मुभा चारचौघांत, देवळासमोर आणि रंगमंचावर होती. स्त्रीला पुरुष होण्याची मुभा मिळाली ती पुरुषांची नजर नसलेल्या जागी. गोव्यात आणि दक्षिण कोकणात पौष महिन्यात धालो होतात. गावाच्या ठरलेल्या मांडावर स्त्रिया रात्री जमतात, समोरासमोर ओळी करून गातात, आणि काही जणींच्या अंगात रंभा भरते. अखेरच्या दिवशी सोंगे निघतात, त्यांत बायका शिकारी होतात, भिक्षेकरी होतात, पुरुषांच्या चालण्याबोलण्याची नक्कल करतात. पुरुषांना त्या वेळी मांडापासून दूर राहावे लागते. उत्तर भारतात वरात निघून गेल्यावर नवऱ्यामुलाच्या घरी उरलेल्या स्त्रिया रात्री जो डोमकच खेळतात, त्यातही हीच रीत आहे. देशावरच्या मंगळागौरीत श्रावणाच्या मंगळवारी नवविवाहिता रात्र जागवतात. पिंग्यासारख्या खेळांत दोन बाजू करून विहिणी-विहिणींचे किंवा सवतींचे भांडण रंगवले जाते आणि एरवी तोंडातून न निघणारे शब्द बेलाशक निघतात. सकाळी पदर पुन्हा डोक्यावर येतो.

मात्र स्त्रियांची खरी ताकद सोंगांत नसून जात्यावर होती. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालवलेल्या संकलनात गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्याआधी साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांनीही हे धन मोठ्या प्रमाणावर जमवले होते. पहाटे दोघी जणी जात्याचा खुंटा धरून बसल्या की घरातले पुरुष झोपलेले असत, आणि त्या घरघरीत ऐकणारे दुसरे कोणी नसे. या ओव्यांतील सीता ही पतिव्रतेचा आदर्श असण्यापेक्षा आपल्यासारखीच सासुरवाशीण आहे. तिला वनवास कोणी दिला याचा जाब रामाला विचारला जातो, आणि निवाडा बहुधा रामाच्या बाजूने लागत नाही. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतील सीतेचा जो अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट होते की रामायणाचा एक पुरता वेगळा पाठ स्त्रियांनी सांभाळून ठेवला होता. पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले. स्त्रीने पुरुषाचे रूप घेण्यापेक्षा त्याचा न्यायाधीशाचा अधिकार घेतला, तोही दळण संपेपर्यंत.

देवाच्या नावाने स्त्रीला संसाराबाहेर नेणारी प्रथाही होतीच. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली मुरळी भंडारा उधळून देवाशी लावली जाई आणि वाघ्याबरोबर जागरणात घाटी वाजवत नाचे. तिला वैधव्य नव्हते, कारण देव मरत नाही, आणि घराचे दारही नव्हते. तिच्या आणि जोगतिणीच्या वाट्याला जे लैंगिक शोषण आले त्याविरुद्ध पहिला आवाज ज्या जातींतून मुली वाहिल्या जात त्यांतूनच उठला. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढवला. पुढे १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला आणि १९८२ साली कर्नाटकाने मुली वाहण्यावर बंदी घातली. या दोन्ही कायद्यांनी देवदासी म्हणून स्त्रीचाच विचार केला. त्याच देवीला, त्याच जटेमुळे, त्याच गावात वाहिलेला मुलगा त्यांच्या नजरेत आलाच नाही.

वस्त्रांच्या भाषेचा राजकीय अर्थ सर्वांत नेमकेपणाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे कथलाचे जडजड दागिने सोडायला सांगितले, कारण त्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरूनच पाहणाऱ्याला जात कळे. पदर कुठे खोचावा, लुगडे गुडघ्यावर असावे की घोट्यापर्यंत, हा कोळणीचा, कुणबिणीचा, ब्राह्मणीचा, महारणीचा ओळखपट्टाच होता आणि जातीचे ओझे तो बाईच्या अंगावरून वाहवीत असे. परिषदेतील स्त्रियांनी लगेच नवी नेसण स्वीकारली. पोतराजाचे केस कापणे आणि मुरळ्या सोडणे बंद करणे हे याच विचाराचे पुढचे पाऊल होते, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांतून देव्हारा, चाळ आणि कोरडा कायमचे बाहेर गेले. बेबी कांबळे यांच्या पिढीला त्या घागऱ्यात गौरवण्यासारखे काही दिसत नव्हते, आणि लोकसंस्कृतीच्या संवर्धनाविषयी हळहळणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे आधी ऐकायला हवे.

असे असले तरी प्रश्न तिथे मिटत नाही, कारण ज्यांना ते लुगडे हवेच होते अशीही माणसे होती. नवसापोटी लादलेले आणि स्वतःच्या ओढीने स्वीकारलेले, या दोन्हींना परंपरेने ‘देवीची इच्छा’ असे एकच नाव दिले होते, त्यामुळे सुधारकांना त्या दोहोंत निवड करणे सोपे नव्हते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य करताना जोगप्पांचाही, म्हणजे कानडी मुलखातील स्त्रीवेषातल्या जोगत्यांचा, उल्लेख केला. २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळखपत्रासाठी जो अर्ज करायचा असतो, तो मात्र ‘मी कोण आहे’ हे सांगणाऱ्याचा असतो. ‘देवीने मला काय केले’ हे सांगायला त्यात रकाना नाही. बल्लारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती यांनी घर सुटल्यानंतर याच परंपरेत आसरा घेतला, डोक्यावर जग घेऊन नाचण्याची कला शिकून त्या रंगमंचावर आल्या, पुढे कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. पुरस्कार स्वीकारायला राष्ट्रपतींसमोर पोचताच मंजम्मांनी पदराने त्यांची दृष्ट काढली, आणि शिष्टाचाराच्या नियमावलीत कुठेही नसलेला हा जोगतिणीचा विधी राष्ट्रपती भवनाच्या त्या सभागृहात सर्वांसमक्ष पार पडला.